राजूरची बंद टपालपेटी

मी एक जुनी टपालपेटी आहे. राजूरला, कोळसाखाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका कडुनिंबाच्या बुंध्याला मला तारेने बांधले आहे. मित्रांनो, माझा रंग लाल आहे हे तुम्हाला सांगावे लागते. कोळशाच्या धुळीने मला पार काळी करून टाकले.

एके काळी माझा काय थाट होता! खाणीत कामाला आलेली माणसे घरची पत्रे माझ्याच हवाली करत. पुढे मोबाइल आले आणि मी उपाशी राहू लागले. शेवटी माझ्यावर ‘ही पेटी बंद आहे’ अशी चिठ्ठी लागली. तीही धुळीखाली गेली. तोंड मात्र उघडेच राहिले.

त्या उघड्या तोंडानेच घात केला. बाभुळगावचा अश्वजित खाणीच्या वजनकाट्यावर नव्याने नोकरीला लागला. तो गोष्टी लिहितो आणि त्याचे शाळेतले बाबाराव सर त्या तपासतात. दोघांचा नेम असा, की लिखाणाचा विषय फोनवर काढायचा नाही. फोनवर नुसते लाड होतात, चुका दाखवल्या जात नाहीत, असे सरांचे म्हणणे. अश्वजितने नवी गोष्ट पाकिटात घालून माझ्या पोटात टाकली. मी बंद आहे, असे मला त्याला ओरडून सांगावेसे वाटले, पण पेटीला वाचा कुठली? कुलूप गंजलेले, आत अंधार, आणि ते पाकीट माझ्याबरोबर कोंडलेले.

उन्हाळा सरला, उत्तर येईना. येता-जाता अश्वजितची मान खाली असे. एकदा त्याने आणखी एक पत्र टाकले आणि माझ्याकडे पाहणेच सोडले. माझा जीव आतल्या आत गुदमरला.

मग एका सकाळी सरच एसटीतून उतरले.

“काहून रे, लिहिणं सोडलं का? मी वाट पाहून राह्यलो.”

“गोष्ट धाडली होती, सर. तुमाले आवडली नाई वाटते, मनून गप बसलो.”

“कोठी टाकली?”

अश्वजितने माझ्याकडे बोट केले. पलीकडची चहावाली मथुराबाई म्हणाली, “त्या डब्ब्यात? अरे बापू, त्याले कोनी उघडतच नाई.”

सरांनी दार जरा ओढले, तर गंजलेली कडीच हातात आली. त्यांनी दुसरे पत्र आधी वाचले. ‘यापुढे मी लिहिणार नाही,’ एवढेच त्यात होते. गोष्ट त्यांनी पिशवीत ठेवली. ते पत्र मात्र परत माझ्या पोटात टाकले आणि दार तारेने करकचून आवळले.

“हे मले भेटलंच नाई,” ते म्हणाले. “चाल, चहा पिऊ. गोष्ट वाचतो.”

मित्रांनो, उत्तर आले नाही म्हणून रुसून बसू नका. एकदा जाऊन विचारा. इतकी वर्षे कोणी मला उघडावे म्हणून मी तळमळले. आता मात्र मला कोणी उघडू नका.