आधी पाय पुसा

"थांबव रे तुझी माणसं जरा," काका भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "बोलणं चाललंय."

मी हात वर केला. परांचीवरचे गवंडी थांबले. दीक्षान्त सभागृहाच्या मोठ्या दाराशेजारी, भिंतीला नाक टेकेल इतक्या जवळ माझे काका गणवेशात उभे होते आणि भिंतीला सांगत होते, "संपवला डबा. भोपळा होता, तरी संपवला. हो, गोळीपण घेतली... अगं, घेतली म्हणतोय ना!"

मग ते वळले. "हं. ठोका आता."

काकूला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"साहेब, हे कुणाशी बोलतात?" मुकादमाने मला हळूच विचारलं.

"घरचंच आहे," मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात.

विद्यापीठाची ही सगळ्यात जुनी इमारत. पदवीच्या कागदावर तिचं चित्र असतं. बाहेर माहितीची पाटी आहे. दगड कुठल्या खाणीतला, कमानी कुठल्या शैलीच्या, कोनशिला कुणाच्या हस्ते, सगळं त्या पाटीवर आहे. फक्त एक गोष्ट नाही. ती म्हणजे, इमारत चुकून अदलाबदल होऊन बांधली गेली आहे.

नकाशे दोन होते. एक गोल खोलीचा, वर घुमट. ते ग्रंथालय होणार होतं. दुसरा लांबट खोलीचा, लाकडी छताचा. ते सभागृह. नकाशे काढणारा वास्तुविशारद समुद्रापलीकडे राहायचा आणि त्याला बोट लागायची, म्हणून त्याने सगळं टपालाने पाठवलं. इथे कुणीतरी कागद उलटसुलट लावले. उद्घाटनाला तो नाइलाजाने आला, घुमटाखाली उभा राहिला, पाणी मागितलं, प्यायला आणि "छान" म्हणाला. तो निघून गेला तरी घुमट बराच वेळ छान छान म्हणत होता, अशी आख्यायिका आहे.

तेव्हापासून या विद्यापीठात जिथे बोलायचं तिथे ऐकू येत नाही आणि जिथे स्वच्छ ऐकू येतं तिथे 'शांतता राखा' अशी पाटी आहे. कुणालाही त्यात वावगं वाटलेलं नाही. उलट बरेचजण याच पद्धतीने शिकून मोठे झाले.

पण गेल्या दीक्षान्त समारंभात घोटाळा झाला. पाहुणे उद्योगपती होते. त्यांनी हात उंचावून विचारलं, "तुम्ही समाजाला काय दिलं?" घुमटाने त्यांनाच विचारलं, "काय दिलं? काय दिलं?" पाहुण्यांनी क्षणभर आठवून पाहिलं आणि ते खाली बसले. भाषण तिथेच संपलं. त्यानंतर घुमटाला आतून आवाज शोषणारा लेप द्यायचं ठरलं. ते काम आमच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीने मला पाठवलं. माझ्याकडे आवाज मोजायचं यंत्र होतं आणि डोक्यापेक्षा मोठं हेल्मेट.

काका इथले शिपाई. दारं उघडायची, खुर्च्या पुसायच्या, सतरंजी अंथरायची, माइकला टिचकी मारून तो जिवंत आहे का बघायचं. काकू वरच्या सज्जात झाडू-फडक्याला. लग्न झालं तेव्हा दोघांना मिळून एक खोली होती आणि तिच्यात काकांची आई, दोन धाकटे भाऊ (त्यातले एक माझे वडील) आणि कायम मुक्कामाला असलेला एक मामा. त्या खोलीत नवरा-बायकोने एकमेकांशी काय बोलायचं? "मीठ द्या" एवढंच.

मग त्यांना भिंत सापडली. दाराशेजारी भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की ते वर घुमटात चढतं आणि सज्जातल्या एका खांबाशी, बरोबर एका फरशीवर, कानात बोलल्यासारखं उतरतं. तिथून बोललेलं तसंच खाली येतं. मधे कुणालाही ऐकू जात नाही. त्यांचा सगळा संसार या भिंतीवरून झाला. त्यांच्या मुलीचं, म्हणजे ताईचं, नाव भिंतीवरून ठरलं. मामाला कधी आणि कसं घालवायचं हेही. भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची. काका म्हणतात, कुजबुजत भांडून बघ, शिव्या आपोआप गळतात.

एकदा इतिहासाचे प्राध्यापक चुकून काकांच्या जागी उभे राहिले. त्यांच्या कानात बाईचा आवाज आला, "आधी पाय पुसा. आत्ता लादी पुसलीय मी." ते बाहेर गेले, पाय पुसून आले. पुढे निवृत्त होईपर्यंत ते पाय पुसूनच आत यायचे. ती इमारतीची इच्छा आहे असा त्यांचा समज होता.

काकूला पायपुसण्याचं वेडच होतं. सभागृहाचा जुना तांबडा मखमली पडदा मोडीत निघाला तेव्हा तिने त्याचे तुकडे केले, कडा शिवल्या आणि दिसेल त्या उंबऱ्याशी टाकले. परीक्षा विभागात लोक अजून मखमलीवर पाय पुसतात.

दुपारी काका माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"लेप दिल्यावर आवाज येणार नाही ना?"

"नाही काका. तेच तर काम आहे."

"मग तेवढा तो भाग शेवटी करा. दारापासून खांबापर्यंतचा. मला एक विचारायचंय तिला."

"काय?"

"निवृत्त झाल्यावर ताईकडे जाऊ का म्हणून. महिना संपला की खोली सोडायचीय. ताई केव्हापासून मागे लागलीय." ते गुडघा चोळत म्हणाले, "बाकी सगळ्यावर बोलते रे ती. शेजाऱ्यांवर, माझ्या बनियनवर. हे विचारलं की गप्प."

"मग तुम्हीच ठरवा ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बाळंत व्हायला सांगितलं होतं. "मी? आमच्या घरात मी कधी काय ठरवलंय?"

संध्याकाळी मी ताईला फोन केला. काकू बोलते हे तिला ठाऊक होतं. तिला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

"हे बघ टिल्ल्या," ती म्हणाली, "बाबा आईनं सांगितल्याशिवाय हलायचे नाहीत. इकडे त्यांची खोली तयार आहे. तिकडे एकटे असताना पडले-झडले तर कुणाला कळणारे? तू सज्जात जायचं. ते विचारतील. तू 'जा' म्हणायचंस. संपलं."

"मी? काकू म्हणून?"

"कुजबुजायचंच तर आहे. कुजबुजताना सगळे सारखेच असतात."

"ताई, हे पाप आहे."

"मग महिना संपला की त्यांना तूच सांभाळ. तुझ्या होस्टेलवर ने."

माझ्या होस्टेलच्या खोलीत तिघेजण आणि एक सायकल होती. रात्री मी आरशासमोर "जा" म्हणून पाहिलं. काकूसारखं काही जमेना. काकू नुसतं "जा" कधी म्हणायचीच नाही. आधी दहा गोष्टी सांगायची.

आमच्या कंपनीच्या मॅडमनी तो भाग शेवटी ठेवायला परवानगी दिली. कारण विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तिथे ओल आहे." मॅडमनी भिंतीला हात लावून पाहिला आणि का कोण जाणे, "हो, आहे," म्हणाल्या.

शेवटी तेवढाच पट्टा उरला. जेवणाच्या सुट्टीत गवंडी बाहेर गेले. मी मागच्या जिन्याने सज्जात चढलो. काकांचे गुडघे त्या जिन्याला कधीच नकार देऊन बसले होते, आणि सज्जाची किल्ली काम सुरू झाल्यापासून माझ्याच खिशात होती. बुटांना लेपाचा चिखल होता. तशीच पांढरी पावलं उमटवत मी खांबाशी गेलो, ती फरशी शोधली, भिंतीकडे तोंड केलं.

खाली काका आले. मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. इतक्या जवळून मी कधी त्यांचा श्वास ऐकला नव्हता.

"अगं," ते म्हणाले. "आज बंद करतायत. आता तरी सांग. जाऊ का लेकीकडे?"

मी तोंड उघडलं. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की मी तिच्याच जागेवर उभा आहे. म्हणजे नेमका तिच्याच. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन आत आलेलं, आणि माझ्या मानेमागे कुणीतरी ताटकळत उभं असल्यासारखं वाटलं. रांगेत मागचा माणूस उभा राहतो ना, तसं.

मी एक पाऊल बाजूला सरकलो. जागा करून दिली.

मी काही बोललो नाही. दुसरं कुणी बोललेलंही मला ऐकू आलं नाही. खाली काका मात्र भिंतीला कान लावून उभे होते. मधेच मान हलवत होते. बराच वेळ ते तसेच होते. मग त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि भिंतीशी काहीतरी बोलले. मी फरशी सोडली होती, त्यामुळे मला ऐकू आलं नाही.

मी खाली आलो तेव्हा ते सतरंजीची घडी घालत होते.

"काय म्हणाली काकू?"

"जा म्हणाली."

"चला, बरं झालं."

"भोपळ्याची कटकट करू नका म्हणाली तिकडे. जावयाचा पेपर आधी घेऊ नका. औषधं वेळेवर." त्यांनी घडी नीट केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "मी म्हटलं, तू? तर म्हणाली, मी कुठं येऊ आता. मी इथंच बरी आहे."

मी हेल्मेट सारखं केलं.

"आणि तुला निरोप आहे," काका म्हणाले. "त्याला म्हणावं, वर यायचं तर आधी पाय पूस. सगळी लादी घाण करून ठेवलीस."

काकांनी मला वर जाताना पाहिलं असेल. खालून मान वर केली तर दिसतं. पण सज्जाची लादी खालून दिसत नाही.

त्याच दुपारी उरलेल्या पट्ट्याला लेप दिला. चार दिवसांनी तो वाळला. मॅडम मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. टाळी त्यांच्या हातातच राहिली. कुलसचिवांनी "वा!" म्हटलं, तेही त्यांच्यापाशीच राहिलं. सगळे खूश झाले, पण ते एकमेकांना सांगताना जरा मोठ्याने बोलत होते.

महिनाअखेरीस ताई काकांना न्यायला आली. तिने मला बाजूला घेऊन पाठ थोपटली. "छान केलंस हो. हुबेहूब आईसारखं बोललास म्हणे. त्या भोपळ्याचं तुला कसं सुचलं?"

"मी काही बोललो नाही, ताई."

"बरं बरं," ती म्हणाली. मग तिने घुमटाकडे पाहिलं आणि बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

काकांनी सभागृहाची किल्ली खिळ्याला अडकवली. सवयीने ते दाराशेजारी भिंतीकडे वळले, उभे राहिले. तोंड उघडलं नाही. नुसते उभे राहिले आणि थोड्या वेळाने, एखाद्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतल्यावर हलवतात तशी मान हलवली.

"चला," ते ताईला म्हणाले. "तिचं झालं."

ते गेल्यावर माझं सज्जातलं मोजमाप तेवढं उरलं होतं. यंत्र घेऊन मी जिना चढलो. खिशातली किल्ली काढली, कुलूप उघडलं.

उंबऱ्याशी तांबड्या मखमलीचा एक तुकडा होता. कडा शिवलेल्या. नीट सरळ टाकलेला. आत लादीवर माझी एकही पांढरी खूण शिल्लक नव्हती.

मी उजवा पाय पुसला. मग डावा. मग आत गेलो आणि खांबाशी एक पाऊल जागा सोडून उभा राहिलो.