मनकर्णेचं जाळं

कडुबानं प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या आतल्या काचेला हात लावला आणि झटकन मागं घेतला. काच कोमट होती, माणसाच्या अंगासारखी.

"गरम कशापायी ठिवलंय?"

"पेशींना शरीराइतकी ऊब लागते, काका," तिथली संशोधक वैदेही म्हणाली.

त्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं. फुलंब्रीहून तो एकटाच आला होता. त्याची बायको मनकर्णा फुफ्फुसं कडक होऊन गेली. ती असताना डॉक्टरांनी तपासायला फुफ्फुसाचा तुकडा काढला, त्यातला थोडा या प्रयोगशाळेला दिला. तेव्हा त्यानं नुसती मान हलवली होती. आता चुलतभाऊ सांडू चारचौघांत म्हणायचा, "वहिनी तिकडं बशीत जित्ती हाय, अन् आमचा गडी तेरावं घालून मोकळा!"

वैदेहीनं बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यानं डोळा लावला. लांबट, फिकट आकार दिसले.

"ह्या मनकर्णेच्या? जित्त्या?"

"हो. त्यांनी भोवती धाग्यांचं जाळं विणलंय. बारीक टोकानं ते दाबून किती कडक आहे ते मोजायचं. आजार कसा वाढतो ते त्यातून कळेल."

"जित्त्या ठिवणार, ह्ये मला कामून नाय सांगितलं?"

"सांगायला हवं होतं. चुकलं आमचं."

इतक्या पटकन कबूल करणारं माणूस त्याला बरं वाटलं नाही.

"इकता का ह्ये कुनाला?"

"नाही हो."

"मंग द्या हिकडं. पैठणला गंगेत सोडतो." त्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

"तसं देता येत नाही, काका. आणि आज मोजणी आहे. त्याआधी पेशी धुऊन काढाव्या लागतात. नुसतं जाळं ठेवायचं."

"धुऊन म्हंजी?"

तिनं बशीकडं पाहिलं. "मरतात त्या."

डब्याचं झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं.

"आत्ता?"

"आत्ताच. तुम्ही बाहेर बाकावर बसा. झालं की बोलावते."

"तवाबी दवाखान्यात बाकावरच बसिवलं व्हतं, म्याडम," कडुबा म्हणाला. "आत घेतलं तवर तोंडावर चादर व्हती."

वैदेहीनं हातातली बाटली खाली ठेवली. कोपऱ्यातलं स्टूल आणून टेबलाशी सरकवलं.

तो बसला.

"दुखतं का त्यान्ला?"

"नाही."

 त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"कर, पोरी."