मोठ्या मनाची

मेट्रनबाईंनी तक्त्यावरच्या रविवारच्या चौकटीतलं ‘सुट्टी’ खोडरबराने पुसलं आणि वर फुंकर मारली. वॉर्डातल्या सगळ्यांच्या ड्युट्या शाईने लिहिलेल्या असत. थोरल्या सिस्टरची ओळ तेवढी शिसपेन्सिलीने. उगाच खाडाखोड नको, म्हणून बावीस वर्षांत पडलेली पद्धत.

“माझा भाऊ दोन वर्षांनी येतोय हो, ताई,” धाकटी सिस्टर म्हणाली. “रविवारच्या माझ्या ड्युटीसाठी तुमच्याशिवाय कुणाला विचारणार? तुमचं मन मोठं.”

थोरलीने मान डोलावली. हे मोठं मन आपल्या गळ्यात नेमकं कधी पडलं, तिला आठवत नव्हतं. आधी भावंडं म्हणायची, मग सासरचे म्हणू लागले, आता अख्खा वॉर्ड. कानावर पडलं की समजायचं, आता काहीतरी सोडावं लागणार. लोक मनापासून म्हणत, हेही खरं. पण पाय मात्र तिचे भरून येत. आणि या रविवारी लेकीची धावण्याची शर्यत होती. नक्की येईन, असा शब्द तिने दिला होता. तिसऱ्यांदा.

ती घरी आली तेव्हा लेक पायरीवर बसून बुटांना पांढरं पॉलिश लावत होती. बुटांपेक्षा बोटांनाच जास्त लागलं होतं. थोरली शेजारी टेकली. चपला काढायचंही त्राण नव्हतं. कसं सांगावं, याची ती मनात जुळवाजुळव करत राहिली.

लेकीने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

“रविवारी ड्युटी लागली ना?”

“अगं, त्या सिस्टरचा भाऊ...”

“चालेल, आई. माझं मन मोठं आहे.”

नऊ वर्षांची पोर. रुसली नाही, रडली नाही. दुसरा बूट उचलून निमूट ब्रश फिरवू लागली. थोरलीला वाटलं, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

तिने तिथेच बसून धाकटीला फोन लावला.

“ऐक, रविवारी मला जमणार नाही. मेट्रनबाईंना मी सांगते.”



“भावाला कळवूनही झालं हो, ताई. तुमच्याकडून असं वाटलं नव्हतं.”

“मलाही नव्हतं वाटलं.”

वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. तरी तिने पुढे काही बोलून सावरून घेतलं नाही. शेजारी ब्रश केव्हाच थांबला होता.