मूक नोकराचे स्वभावचित्र

उत्तरपत्रिकेची प्रत हातात घेऊन नात दारात उभी राहिली, तेव्हा प्रॉम्प्टर चष्म्याची तुटकी काडी दोऱ्यानं बांधत होते.

"आजोबा, नापास."

"कोण?"

"कागदोपत्री मी. खरं म्हणजे तुम्ही."

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारा माणूस. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना प्रॉम्प्टरच म्हणायची, आणि तेही गल्लीला वाक्यं पुरवत राहायचे. टपालाच्या खिडकीशी कुणी पत्ता सांगताना अडलं, की मागून यांचा आवाज आलाच. समोरचा माणूस अडला, की यांच्या जिभेला खाज सुटायची. त्यावर औषध नव्हतं.

काडी तशीच सोडून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. प्रश्न होता: 'दुसऱ्या अंकातील मूक नोकराचे स्वभावचित्र रेखाटा. गुण दहा.' खाली नातीचं टपोरं अक्षर: 'दुसऱ्या अंकात असा नोकर नाही. खुर्चीचा पाय मोडला होता म्हणून आमचे आजोबा स्टूल घेऊन आले होते. ते मूक नाहीत. त्यांचा स्वभाव तापट आहे.'

समासात तांबड्या शाईत एकच शब्द होता: 'कल्पनाविलास!' आणि त्याखाली एक गोल गरगरीत शून्य.

"उत्तर तर बरोबर आहे," प्रॉम्प्टर म्हणाले.

"एकूण छत्तीस पडले. पास व्हायला चाळीस लागतात. फेरतपासणीत चार मिळाले नाहीत तर वर्ष गेलं."

स्वयंपाकघरातून प्रॉम्प्टरांची मुलगी, म्हणजे नातीची आई, हात पुसत बाहेर आली. तिनं कागद वाचला, मग वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुमच्या आठवणी तुमच्यापाशी ठेवायला काय घ्याल? पोरीचं वर्ष घालवलंत."

"ती म्हणाली, आजोबा, स्टूल घेऊन येतो तो नोकर कोण? मी म्हटलं, मीच. मला वाटलं, चेष्टा करतेय."

"चेष्टा तिची नाही, तुमची झालीये," मुलगी म्हणाली आणि आत जाऊन भांड्यांवर राग काढू लागली.

खरी हकीकत चार ओळींची होती. ते गाजलेलं नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं, तेव्हा प्रॉम्प्टर सव्वीस वर्षांचे होते. चौथ्या प्रयोगात पहिल्या अंकातच खुर्चीचा पाय मोडला. दुसऱ्या अंकात वडिलांचं काम करणारा नट मोठं भाषण करता करता मागे वळून बसायचा. आता बसणार कशावर? पडदा ओढणारा म्हणाला, "मला लोकांसमोर जायची लाज वाटते." तेव्हा प्रॉम्प्टर स्वतःच स्टूल घेऊन गेले, ठेवलं आणि परत आले. सुतार रोज म्हणायचा, "उद्या बसवतो पाय." त्याचा उद्या अकरा प्रयोगांनी उजाडला. तोवर विसर पडू नये म्हणून प्रॉम्प्टरांनी आपल्या वहीच्या समासात पेन्सिलीनं टिपून ठेवलं होतं: 'स्टूल घेऊन येतो. ठेवतो. बोलत नाही. जातो.'

पुढे नाटककार वारला. त्याच्या मूळ हस्तलिखिताला वाळवी लागली. प्रकाशकानं पुस्तक छापलं ते प्रॉम्प्टरांच्या वहीवरून. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या शहाण्या जुळाऱ्यानं विचार केला, येतो तर कोण येतो? त्यानं पदरचा 'नोकर' घातला आणि समासातलं वाक्य उचलून नाटकात बसवलं. वही परत आली, प्रॉम्प्टरांनी कपाटात ठेवली. छापील पुस्तक त्यांनी कधी उघडलंच नाही. अख्खं नाटक पाठ असलेला माणूस ते वाचायला कशाला जाईल?

आता मात्र ते वाचायला गेले. आणि ग्रंथालयातून आणखी एक पुस्तक घेऊन आले. त्याचं नाव होतं 'मौनाचं स्टूल'. नातीच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी या नोकरावर डॉक्टरेट मिळवली होती, तोच हा प्रबंध. प्रश्नपत्रिकाही त्यांचीच आणि तांबडी शाईही त्यांचीच. पानं दोनशे बारा. मूळ मजकूर चार वाक्यं. म्हणजे वाक्याला त्रेपन्न पानं.

प्रॉम्प्टरांनी पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्यांदा समजेना म्हणून आणि दुसऱ्यांदा समजलं म्हणून. दुसऱ्या वाचनात त्यांचे कान लाल झाले. मुलीनं विचारलं, "रक्तदाबाची गोळी घेतली का?"

"आत्मा हरवलेला!" प्रॉम्प्टर ओरडले. "पान एकशे चार! मला म्हणतो, आत्मा हरवलेला! पान एकशे नऊवर मी 'पाठीचा कणा नसलेला' आहे. अगं, ते स्टूल सागवानी होतं! कणा नसलेल्या माणसाला उचललं असतं का?"

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून ते प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन धडकले. खोली पुस्तकांनी इतकी भरली होती, की दार अर्धंच उघडायचं. प्राध्यापक गोरेगोमटे, नम्र गृहस्थ होते. त्यांनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलून बसायला जागा केली. नम्र माणसावर रागावणं जड जातं, पण प्रॉम्प्टर तयारीनं आले होते.

"मीच तो नोकर."

"कोणता?"

"तुमचा. एकशे चार पानावरचा."

प्राध्यापकांनी शांतपणे सगळी हकीकत ऐकली. मध्ये एकदा मानही डोलावली. मग म्हणाले, "काका, कलाकृतीबद्दल खुद्द लेखकालाही शेवटचा शब्द नसतो. हे आता सगळीकडे मान्य झालंय."

"मी लेखक नाही हो. मी पात्र आहे."

"पात्राला तर मुळीच नसतो."

प्रॉम्प्टरांनी वही काढून टेबलावर आपटली. प्राध्यापकांनी रुमालानं हात पुसून ती उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पेन्सिल! बाकी सगळं शाईत आणि एवढंच पेन्सिलीत! केवढा संकोच आहे यात!"

"संकोच कसला डोंबलाचा! विंगेत दौत ठेवायला जागा नव्हती."

"जागाच नव्हती," प्राध्यापक स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी ते टिपून घेतलं.

"आणि अक्षर माझं आहे, ते बघा!"

"अक्षर तुमचं. आशय त्याचा."

"मग त्या सुताराचं काय? हा सगळा आशय त्याच्या आळसातून जन्माला आलाय. दोनशे बारा पानांत त्याचा उल्लेख नाही. निदान अर्पणपत्रिकेत तरी घ्यायचा!"

प्राध्यापक हसले आणि म्हणाले, फेरतपासणीची समिती मंगळवारी बसते, तिथे आपलं म्हणणं जरूर मांडा. प्रॉम्प्टर अर्ध्या उघडलेल्या दारातून बाहेर पडले, तेव्हा रागानं त्यांना जिनाही दिसेना. वर्षानुवर्षं पोरंपोरी त्यांना कणाहीन म्हणून पास होत आली होती, आणि खरं लिहिणारी एकटी त्यांची नात नापास झाली होती.

मंगळवारी समितीच्या खोलीत टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीवर अध्यक्षबाई होत्या. भूगर्भशास्त्र हा त्यांचा विषय. अध्यक्ष विषयाबाहेरचा असावा असा नियम होता, म्हणजे तो निःपक्षपाती राहतो. डाव्या बाजूला बसलेले सदस्य हातावर गाल टेकून डुलक्या घेत होते. उजव्या खुर्चीवर प्राध्यापक. नात टेबलासमोर उभी होती, कारण विद्यार्थ्यासाठी खुर्ची ठेवायची असते हे कुणाला सुचलं नव्हतं. प्रॉम्प्टर आणि त्यांची मुलगी दाराशी भिंतीला टेकून होते.

"तुम्ही फक्त गप्प बसा," मुलीनं कानात बजावलं. "रागाच्या भरात काही बोललात तर चार मार्कही जातील."

नातीनं आपलं म्हणणं सांगितलं, वही पुढे ठेवली. अध्यक्षबाईंनी ती खडकाचा तुकडा पाहावा तशी उजेडात धरून पाहिली. मग प्राध्यापक उठले. प्रबंधातलाच उतारा होता. दरवर्षी वर्गात म्हणून म्हणून गुळगुळीत झालेला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. नोकर, त्याचं मौन, मौनामागची शरणागती. नात या पायावरून त्या पायावर भार टाकत होती. सकाळपासून ती काही खाऊनही आली नव्हती.

प्रॉम्प्टरांनी ते पाहिलं. ते बाहेर गेले. बोळात शिपायाचं लाकडी स्टूल होतं.

"हा नोकर येतो," प्राध्यापक सांगत होते, "तो का येतो, हे तो विचारत नाही..."

प्रॉम्प्टर स्टूल घेऊन आत आले. नातीच्या मागे ठेवलं. तिच्या खांद्यावर बोट टेकवून बसायची खूण केली. आणि परत दाराशी जाऊन उभे राहिले.

"तो येतो..." प्राध्यापक म्हणाले. त्यांची नजर स्टुलावर होती. "ठेवतो. आणि... आणि..."

पुढचं वाक्य येईना.

शांततेचे प्रकार प्रॉम्प्टरांइतके कुणाला ठाऊक नव्हते. दोन सेकंद थांबला तर नट विचार करतोय. चार सेकंद, तर अभिनय करतोय. सहा झाले, की मेला. प्राध्यापकांच्या कपाळावर घाम आला. मुलीनं वडिलांचा हात दाबला. नुसतं गप्प राहायचं होतं. गडी आपण होऊन खड्ड्यात चालला होता, आणि हाच तो मनुष्य, ज्यानं यांचा कणा काढून घेतला होता. बुडू दे मेल्याला! प्रॉम्प्टरांनी दात दातांवर दाबून धरले.

सातव्या सेकंदाला जिभेनं दगा दिला.

"'कारण त्याला स्वतःचं असं काहीच नाही'," दाराकडून हलका, स्वच्छ आवाज आला. अडलेल्यालाच ऐकू जावा असा. पण ही विंग नव्हती, सगळ्यांनीच ऐकला.

"कारण त्याला स्वतःचं असं काहीच नाही," प्राध्यापकांनी सवयीनं उचललं, "ना विचार, ना वाक्य, ना..."

"'ना स्वभाव'."

प्राध्यापक वळले. त्या दिवशी खोलीत एवढी पुस्तकं होती, की त्यांनी समोरचा माणूस नीट पाहिलाच नव्हता. आता पाहिला.

"तुम्हाला पाठ आहे?"

"दोनदा वाचलं."

"दोनदा कुणीच वाचलेलं नाही," प्राध्यापक हळूच म्हणाले. "मार्गदर्शकांनीसुद्धा."

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "हे गृहस्थ कोण?"

"माझे आजोबा," नात स्टुलावरून म्हणाली. "उत्तरातले."

बाईंनी उत्तरपत्रिका पाहिली. "इथे लिहिलंय, तापट आहेत. तसे दिसत नाहीत."

"जरा थांबा," प्रॉम्प्टर म्हणाले. मुलीनं कपाळाला हात लावला. "बाई, ज्या मनुष्यानं माझा स्वभाव नाही म्हणून लिहून ठेवलं, त्याला तेच वाक्य मी आत्ता माझ्या तोंडानं पुरवलं. चौतीस वर्षं मी हेच केलं. नट माझी वाक्यं घेऊन टाळ्या घेऊन गेले, माझी तक्रार नव्हती. पण ह्या पोरीनं मी कोण ते लिहिलं तर तिला भोपळा? मी बोलत नाही म्हणे! अहो, मी बोललो नसतो तर तुमचं नाटक पहिल्या अंकातच आडवं झालं असतं!"

डाव्या बाजूचे सदस्य दचकून जागे झाले आणि "मान्य," म्हणाले.

अध्यक्षबाईंनी प्राध्यापकांकडे पाहिलं. "सर, मला तुमच्या विषयातलं कळत नाही. एवढंच सांगा. हा नोकर आहे की नाही?"

"पुस्तकात आहे."

"आणि नाटकात?"

प्राध्यापकांनी स्टुलाकडे पाहिलं, वहीतल्या पेन्सिलीच्या ओळीकडे पाहिलं. आयुष्याची दोनशे बारा पानं गिळायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा त्यांना लागला.

"नाटकात," ते म्हणाले, "खुर्ची मोडली होती."

समितीनं निकाल लिहिला: 'उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, परंतु प्रश्नाला धरून नाही. सबब दहापैकी पाच.' डाव्या बाजूच्या सदस्यांनी सही केली आणि पुन्हा हातावर गाल टेकला.

बोळात नातीनं आईला मिठी मारली. "एक्केचाळीस! आजोबा, पास झाले!"

"उरलेले पाच कुठायत?" प्रॉम्प्टर म्हणाले.

"अहो, चारच हवे होते."

"तुला चार हवे होते. मला दहा हवे होते. स्वभाव कुणाचा होता?"

"आता घरी चला," मुलगी म्हणाली. "तापट आहात हे सिद्ध झालंय, तेवढं पुरे."

दोन पावलं जाऊन प्रॉम्प्टर थबकले. शिपायाचं स्टूल आतच राहिलं होतं. ते परत खोलीत गेले. सगळे निघून गेले होते. एकटे प्राध्यापक टेबलाशी वाकून आपल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होते. प्रॉम्प्टरांनी स्टूल उचललं. दारापर्यंत गेले, तिथे मागे वळले.

"काय लिहायचं ते लिहा," ते म्हणाले. "पण 'बोलत नाही' एवढं खोडा."

आणि स्टूल घेऊन गेले.