मासळीतला सोमल

पोटातल्या रसाच्या उकळीतून चिमट्याने वर काढलेली तांब्याची पट्टी चिंचेने नुकत्याच घासलेल्या हंड्यासारखी लख्ख होती.

"पुन्हा कोरीच," रुकय्या मुकादम म्हणाली. "कुणी सोमल घातला असता, तर हिने काजळी धरली असती."

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हिकमत दारातच उभे होते. "पण दुसऱ्या चाचणीत अर्सेनिक सापडलं ना? म्हणजे सोमलच."

"सापडलं. सगळा रस आम्लात जाळून टाकल्यावर."

"मग झालं तर. अहवालात दोन ओळी लिहा. पोटात अर्सेनिक होतं, लघवीत अर्सेनिक होतं. हाजींचे मुलगे रोज फोन करतात, मिस मुकादम."

सन त्रेसष्टचा उन्हाळा होता. कुवेत शहरातल्या त्या सरकारी प्रयोगशाळेत पंखा गरम वाराच फिरवत होता. हाजी म्हणजे एक म्हातारे व्यापारी. उलट्या-जुलाबांनी रात्रीत गेले. त्यांचा स्वयंपाकी कमाल, हर्णैचा, सकाळी मालकाशी भांडला होता. एवढ्यावर पोलिसांनी त्याला उचललं. आता त्याची मान दोन ओळींवर टांगली होती. दोन्ही ओळी खऱ्या होत्या, हीच तर पंचाईत.

रुकय्या दाभोळची. मुंबईत विषांची विद्या शिकली आणि थोरल्या भावाच्या पाठोपाठ इथे आली. हाजींचं पोट तिने स्वतः तपासलं होतं. त्यात कोळंबीचे तुकडे होते, न पचलेले. समुद्रातला जीव पाण्यातला सोमल चाखत चाखत मोठा होतो, पण त्याला आपल्या अंगात असा गुंडाळून ठेवतो की खाणाऱ्याला त्याची बाधा होत नाही. नुसत्या उकळीत तो तांब्याला ओळखही देत नाही. जाळलं तरच बाहेर येतो. हे पुस्तकात कुठेतरी कोपऱ्यात लिहिलेलं होतं. मात्र इथल्या टेबलावर आजवर मेलेल्यांचंच पोट आलं होतं. धडधाकट माणूस मासळी खाऊन काय दाखवतो, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

ती बाजारात गेली आणि टोपलीभर कोळंबी घेऊन आली.

"आज पुन्ना कोलंबी?" दुसऱ्या रात्री उस्मानभाईने ताटात पाहिलं. हा तिचा थोरला भाऊ एका कापडाच्या दुकानात कारकून होता. "डोका फिरलाय काय तुजा?"

"काम हाय, भाई."

कसलं काम ते ऐकल्यावर त्याने घास खाली ठेवला. "त्या भटाऱ्यासाटी नोकरी घालवणार? ना नात्याचा, ना गोत्याचा!"

"बरा झाला. नात्यातला असता तर मना तपासायला दिला नसता."

"नोकरी गेली की इथं ऱ्हायचा परवाना जाईल. परत जाऊन काय करशील? लगीन तरी वेलेवर..."

"तूच बोलतोस ना, बाटल्यांशी माजा लगीन लागलाय? मग सासरची बाजू घ्यायला नको?"

उस्मानभाईला हसू आलं, आणि हसल्याचा रागही आला. "खा गो बाय, खा," तो म्हणाला. आपल्या ताटातली कोळंबीही त्याने तिच्या ताटात सारली.

भांडी घासताना तिच्या ओठांवर आईची ओवी आली. दाभोळच्या वाळूत मासळी खारवताना आई म्हणायची:

*दर्याची माझी लेक, मीठ तिच्या गं हाडाला*
*वारा फिरला तरी, नाही फिरायची बोलाला*

दोन दिवसांनी तिने डॉक्टरांच्या टेबलावर काचेच्या दोन नळ्या आणि दोन पट्ट्या ठेवल्या.

"हे काय?"

"ही हाजींची लघवी, ही माझी. मी दोन दिवस कोळंबी खाल्ली. जाळल्यावर अर्सेनिकचा डाग दोन्हींत सारखा, आणि पट्टी दोन्हींत कोरी. आता मला विष कुणी घातलं, ते पोलिसांना विचारा."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. मग हसू ओसरलं. "हुशार आहात. पण अहवाल दोन ओळींचाच जाईल. बाकीचं कोर्ट बघेल."

"कोर्ट कोळंबी बघणार नाही, डॉक्टर. ते आपलं काम. दोन ओळींखाली माझी सही मिळणार नाही."

"मी दुसऱ्या कुणाची घेईन."

"घ्या. पण चाचणी कुणी केली हे वकील विचारणारच. मग मी या नळ्या घेऊन उभी राहीन."

पंख्याखाली कागद फडफडत होते. डॉक्टरांनी त्यांवर तळहात ठेवला. "तुमचा करार या महिन्यात संपतो, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

तिने त्यांच्यासमोरच तिसरी ओळ लिहिली: सापडलेलं अर्सेनिक समुद्री अन्नातलं आहे, विषप्रयोगाचा पुरावा नाही. खाली सही केली. डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. शेवटी त्यांनी आपलीही सही ठोकली आणि मान वर न करता म्हणाले, "करार वाढणार नाही."

कमाल सुटला. पण सुटलेल्या स्वयंपाक्याला चूल कोण देणार? त्याचाही परवाना गेला. मुंबईच्या बोटीवर रुकय्या चढली तेव्हा उस्मानभाई धक्क्यावर उभा होता. हात हलवायचंही त्याला सुचलं नाही.

डेकवर जो तो आपापली चूल मांडून बसला होता. एका कडेला वाळलेल्या अंगाचा एक माणूस डाळभाताचं पातेलं उतरवत होता. वास चांगला सुटला होता, तरी त्याच्याभोवती वावभर जागा मोकळी होती.

"तोच तो, हाजीवाला," शेजारची रहिमा कुजबुजली आणि तिने पोरांना जवळ ओढलं. "शेठला विष घातलान्. सायबाला पैसे चारून सुटला म्हनतात. त्याच्या हातचा पानी पन नको गो!"

रुकय्याने पेटीतून ताट काढलं. ती मोकळी जागा ओलांडून गेली आणि कमालसमोर बसली.

"वाढ."

त्याचा हात पळीवरच थांबला. "बाय, मी कोन, ठाव नाय तुमाला?"

"ठाव हाय. वाढ."

त्याने वाढलं. सगळा डेक बघत होता. ती घाई न करता, घासामागून घास घेत जेवली. आपण कोण, हे तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

"मीठ कमी पडलाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि रिकामं ताट पुन्हा पुढे केलं.