हे बरं, की हे?

माझे बाबा चष्म्याच्या दुकानात दिवसातून निदान दोनशे वेळा एकच प्रश्न विचारतात. "हे बरं, की हे?" गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसलेलं असतं, त्याच्या नाकावर चाचणीची जड लोखंडी फ्रेम असते, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो आणि बाबा फ्रेममधली एक काच काढून दुसरी घालत असतात. आमचं घर या एका प्रश्नावर चालतं. अशा घरात वाढून, एकोणीस वर्षांची घोडी होऊनही मला कॉलेजात कुठला विषय घ्यायचा ते ठरवता येत नव्हतं, याची गिऱ्हाइकांना फार मजा वाटायची.

पहिलं वर्ष सगळं थोडं थोडं चाखण्यात गेलं होतं. आता मुख्य विषय लिहून द्यायचा होता, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. फॉर्मवर चौदा विषयांची यादी आणि खाली एक रिकामा चौकोन. जो चौकोन रिकामा ठेवेल त्याला ऑफिस जिथे जागा उरली असेल तिथे बसवतं. गेल्या वर्षी अशा अकरा जणांना संख्याशास्त्रात बसवलं. त्यातली एक मुलगी मला बसस्टॉपवर भेटते. ती पूर्वी गाणं म्हणायची.

माझं संख्याशास्त्राशी काही वैर नाही. पण उरलेल्या खुर्च्या मोजून कुणा कारकुनाने माझं पुढचं आयुष्य ठरवावं, हे मला पटत नव्हतं. डोकं तर कायमच दुखायचं. 'ठरत नाही ना, म्हणून दुखतं,' असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. बाकीच्यांना सगळं पटापट ठरवता यायचं.

सल्ले तर पोत्याने येत होते. मामा विमा विकतो. तो म्हणाला, "विषय कुठलाही घे, पण ज्याला मरण नाही असा घे." शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या काकूंनी अर्थातच रसायनशास्त्र सुचवलं. मैत्रीण म्हणाली, "मनाचं ऐक." मी ऐकायला कान टवकारले, तर मन ढिम्म गप्प. आई दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर काचा घासते. तिने मान वर न करता सांगितलं, "मला नको विचारूस. मी फक्त काच फ्रेममध्ये बसते की नाही ते बघते."

खरी अडचण वेगळीच होती. मला सगळंच आवडायचं. इतिहासाच्या बाई समोर असल्या की मी इतिहासाची, भौतिकशास्त्राचे सर आले की मी भौतिकशास्त्राची. तास संपला की मी कुणाचीच नसायचे. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण ऐकायला फार वाईट वाटते.

गुरुवारी दुपारी बाबांनी दुकानाचं दार लावलं आणि म्हणाले, "बस खुर्चीत."

"बाबा, नंबर तर परवाच काढलाय."

"नंबर नाही, विषय काढायचाय." ते अगदी गंभीर होते. "अगं, तू उगाच डोकं शिणवतेस. माणसाला स्वतःचा नंबर कधीच माहीत नसतो. त्याला 'तुमचा नंबर किती' असं विचारायचंच नसतं. दोन काचा दाखवायच्या आणि विचारायचं, हे बरं की हे. तो सांगत जातो, आपण पुढे जात राहतो. शेवटी कधीतरी तो गोंधळून म्हणतो, 'दोन्ही सारखंच दिसतंय हो.' त्याला वाटतं आपण नापास झालो. खरं तर तिथे नंबर सापडलेला असतो."

कोपऱ्यात नंबर काढायचं एक मशीनही आहे, महागाचं. बाबांचा त्यावर विश्वास नाही. घेतल्यापासून त्याच्यावर फडकं टाकलेलं आहे आणि फडक्यावर पावत्यांची पुस्तकं. मशीन माणसाला काही विचारत नाही, ही बाबांची मुख्य तक्रार.

बाबांनी जुन्या तक्त्यांच्या पाठीवर चौदा विषय ठळक अक्षरांत लिहून आणले होते. मी खुर्चीत बसले. त्यांनी सवयीने माझ्या नाकावर लोखंडी फ्रेमसुद्धा चढवली, मग भानावर येऊन काढली. जो विषय जिंकेल तो भिंतीवर राहायचा आणि पुढचा त्याच्यासमोर यायचा, अशी पद्धत.

"अर्थशास्त्र... की इतिहास?"

"दुसरं."

"इतिहास... की जीवशास्त्र?"

"दुसरं."

झपाझप चाललं होतं. मला कधी नव्हे ते हलकं वाटत होतं. प्रश्न कानावर पडला की उत्तर तोंडात तयार. बाबा खूश होते, मी खूश होते. दहा मिनिटांत तेरा पाट्या जमिनीवर गेल्या आणि एक भिंतीवर राहिली.

"संख्याशास्त्र!" बाबा विजयी स्वरात म्हणाले.

ऑफिसवाल्यांनी मला जिथे फुकटात बसवलं असतं, तिथे मी घाम गाळून, स्वतःच्या तोंडाने जाऊन बसले होते.

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. "उलटं करून बघा," आईचा आवाज आला.

ही आमच्या धंद्यातली युक्ती आहे. गिऱ्हाईक मनापासून सांगतंय की ठोकून देतंय असा संशय आला, की काचा उलट्या क्रमाने दाखवायच्या. बाबांनी जरा नाखुशीनेच पाट्या बदलल्या. "संख्याशास्त्र... की मानसशास्त्र?"

"दुसरं," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांनी भूगोलाची पाटी लावली, काढली आणि तीच पुन्हा लावली. "हे बरं... की हे?"

"दुसरं," मी म्हटलं आणि मग जीभ चावली.

आई हात पुसत बाहेर आली होती. बाबांनी पाटी खाली ठेवली. "तू सारखं दुसरंच का म्हणतेस?"

"तुम्ही दुसरं नेहमी हळू म्हणता," मी खरं ते सांगून टाकलं. "पहिलं नुसतं म्हणता. दुसरं म्हणताना तुमचा आवाज मऊ होतो. मला वाटायचं, तेच तुम्हाला हवं असतं."

"वाटायचं? कधीपासून?"

"लहानपणापासून. आठ वर्षांची होते तेव्हापासून."

आम्हा तिघांच्या एकदमच लक्षात आलं. बोलली मात्र आई. "म्हणजे मग हिच्या चष्म्याचा नंबर?"

माझा पहिला चष्मा आठव्या वर्षी लागला. मग दर वाढदिवसाला बाबा मला खुर्चीत बसवायचे आणि बहुतेक दर वर्षी नंबर पावाने वाढायचा. एकपासून तीनपर्यंत येऊन पोचले होते. वर्गात मला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. अनोळखी माणसाला बाबा हटकून उलटं करून तपासत. माझ्या बाबतीत ते अकरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. घरच्या माणसावर कसला संशय घ्यायचा?

"मी तपासते," आई म्हणाली.

"तू?" बाबा म्हणाले. आई दुकानात कधी नंबर काढत नाही.

"हो, मीच. तुम्ही तिकडे तोंड करून बसा."

लोखंडी फ्रेम पुन्हा माझ्या नाकावर आली, या वेळी काम करायला. "एक. दोन," आई म्हणाली. बसचा कंडक्टर स्टॉपची नावं घेतो तसा तिचा आवाज, ना मऊ ना कडक. मी त्या आवाजात धरायला काही शोधत राहिले आणि हाताला काहीच लागेना. शेवटी नाइलाजाने तक्त्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या तक्त्याकडे नीट बघत होते. बराच वेळ लागला. एकदा तर मला रडूच आलं, कारण खालच्या ओळीत मला काय दिसतंय हे जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"एक," आई म्हणाली. मग काच बदलली. "दोन."

"दोन्ही सारखंच दिसतंय," मी चाचरत म्हटलं. मला वाटलं, आता ही रागावणार.

"मायनस एक," आई म्हणाली आणि काच घेऊन आत निघून गेली.

म्हणजे पहिल्या वर्षीचा नंबर तेवढा खरा होता. वरचे दोन मी बाबांना बरं वाटावं म्हणून घेतले होते, आणि डोकेदुखीही त्यांच्याबरोबर फुकट आली होती. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते ते तसेच बसून राहिले. गावभरची माणसं त्यांच्याकडे डोळे मिटून डोळे दाखवायला येतात आणि पोटच्या पोरीला त्यांनी अकरा वर्षांत वाढवत नेऊन दोन नंबर जास्तीचा चष्मा घातला होता. मला त्यांची फार दया आली. मी म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे. मी खोटं सांगत होते."

"तू आठ वर्षांची होतीस," ते म्हणाले. "मी नव्हतो."

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आईने नवीन काचा बसवून चष्मा माझ्या हातात दिला. सगळं किंचित मोठं दिसायला लागलं. जाड काचांमागे माझे डोळे बारीक दिसायचे; आई म्हणाली, "अगं बाई, तुझे डोळे एवढे मोठे आहेत?" मग तिने पाट्या उचलल्या. बाबांना दाराजवळच्या स्टुलावर बसवून तिने सक्त ताकीद दिली होती, तोंड उघडायचं नाही.

"एक. दोन."

पहिल्या दिवशीसारखं झपाझप काही झालं नाही. एकेका जोडीला मी पाच-पाच मिनिटं लावली. बिचारं संख्याशास्त्र पहिल्याच फेरीत गेलं. रसायनशास्त्र गेलं, त्याबद्दल मी मनात काकूंची माफी मागितली. मानसशास्त्र गेलं तेव्हा मला जरा वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं हे माझं मला कळलं याचा आनंदही झाला. शेवटी भिंतीवर भूगोल राहिला आणि आईच्या हातात इतिहास.

"एक. दोन."

मी बघत राहिले. घड्याळ बघितलं, पुन्हा पाट्या बघितल्या. "दोन्ही सारखंच दिसतंय," मी हात टेकले.

"सापडला!" बाबा स्टुलावरून ताडकन उठले. आईने डोळे वटारले तसे पुन्हा बसले.

"काय सापडलं, बाबा? दोन राहिलेत. फॉर्मवर चौकोन एकच आहे."

"दोन्ही सारखं दिसलं की त्यातली कमी नंबराची काच द्यायची असते," आई म्हणाली. "डोळ्याला जिचा ताण कमी पडतो, ती."

"पण विषयाला कुठे नंबर असतो?"

"ते तुझं तू बघ. दुकान उघडायचंय."

दुपारी मी बसमध्ये बसून फॉर्म गुडघ्यावर घेतला. ताण कमी, ताण कमी, असं घोकत होते. मग एक साधी गोष्ट आठवली. इतिहासाचं नवीन पुस्तक हातात आलं की मी आधी त्यातले नकाशे काढून बघायचे. ते बघायला मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यावर कधी मार्कही नव्हते. कुणाच्या आवाजाकडे लक्ष न देता मी एवढी एकच गोष्ट करत आले होते. बस खड्ड्यातून जात होती, त्यामुळे चौकोनात 'भूगोल' जरा वाकडं आलं.

खिडकीतल्या कारकून बाईंनी चार वाजता फॉर्मवर शिक्का मारला. "वर्षाअखेर बदलता येतो हं," त्या सहज म्हणाल्या. "साधा अर्ज द्यायचा."

"हे लिहिलंय कुठे?"

"फॉर्मच्या मागे. कुणी उलटं करून बघतच नाही."

दुकानात परतले तेव्हा बाबा एका आजोबांचा नंबर काढत होते. आजोबा लोखंडी फ्रेम लावून ताठ बसले होते. बाबांनी हातातली काच तशीच धरून विचारलं, "काय लिहिलंस?"

"भूगोल."

बाबांनी मान हलवली. काच फ्रेमपर्यंत नेली आणि मध्येच थांबले. मग तोच अकरा वर्षांचा ओळखीचा मऊ आवाज काढून, अगदी हळू म्हणाले, "आणि इतिहास?"

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. आजोबासुद्धा फ्रेमसकट माझ्याकडे वळले.

"तोही बरा होता," मी म्हटलं. "पण भूगोल."

बाबांनी आजोबांच्या डोळ्यासमोर काच बसवली. आत मशीन पुन्हा सुरू झालं.