पितृपंधरवड्यात आलेली गाडी

गाडी कुरिअरने आली. खोकं बुटांच्या डब्याएवढं होतं आणि आत गाडी पूर्ण होती: चार दारं, आरसे, वायपर, सगळं जागच्या जागी. विद्याधर निकुंभांनी सही केली, खोकं छातीशी धरून आत आणलं आणि टीपॉयवर ठेवलं.

‘झुळूक’ नावाच्या एका नव्याच कंपनीची ही विजेवरची गाडी. मोठी गाडी ट्रकवर चढवून गावोगाव पोचवण्यात काही अर्थ नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. छोटी पाठवायची, मग अपडेट पाठवत राहायचे. गाडी ग्राहकाच्या घरी वाढते. निकुंभ पाटबंधारे खात्यात अभियंता होते. त्यांना हे चटकन पटलं. धरण तरी कुठे बांधल्या दिवशी भरतं?

अडचण एकच होती. पितृपंधरवडा चालू होता.

“खाली नेऊन ठेवा की पार्किंगमध्ये,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “आत्ता एका हातात मावतेय.”

“पक्षात नवी गाडी काढायची? नाशिकमध्ये राहायचंय आपल्याला.”

“मग परत पाठवा.”

“परत कशाला? जोवर रस्त्याला चाक टेकलं नाही, तोवर गाडी घेतलीच नाही असं धरायचं. दसऱ्याला टेकवू.”

त्यांनी गाडी पाटावर ठेवली आणि मोबाइलच्या चार्जरला लावली. संध्याकाळपासून बिल्डिंगमधली माणसं बघायला यायला लागली. सोसायटीचे चेअरमन ढमढेरे भिंग घेऊनच आले. त्यांनी नंबरप्लेट वाचली, टायर बोटाने फिरवून पाहिला.

“बसायचं कसं पण, निकुंभ?”

“सध्या फक्त बघायचं,” निकुंभ म्हणाले आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला. पेढा बॉनेटपेक्षा मोठा होता.

पहिला अपडेट आला तेव्हा निकुंभ अंघोळीला गेले होते. टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर गाडी पाटाबाहेर पसरली होती. त्यांनी शेजारी दुसरा पाट लावला. मग चौरंग. सर्वपित्रीला ती दिवाणाएवढी झाली, म्हणून दिवाण ढमढेऱ्यांकडे गेला. निकुंभ येता-जाता तिच्या टपावरून हात फिरवत. खात्यातल्या लोकांना ते फोटो दाखवत नसत. नुसते दोन हात पसरून दाखवत, आणि दर सोमवारी हात थोडे जास्त पसरत.

घट बसले तसं उज्ज्वलाबाईंनी पुन्हा विषय काढला. “पक्ष संपला. आता न्या. लिफ्टमध्ये नाही मावायची, पण चौघं धरतील जिन्यानं.”

“दसरा तोंडावर आलाय. साडेतीन मुहूर्तांतला एक. तो सोडून मधल्याच कुठल्या दिवशी तिला बाहेर काढू?”

“अहो, ती तोवर थांबणार आहे का?”

ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी निकुंभांनी टेप लावला, आणि दार कमी पडतंय असं निघालं. त्यांनी कंपनीला फोन केला.

“अभिनंदन सर,” पलीकडची मुलगी म्हणाली. “गाडी छान वाढतेय तुमची.”

“ती दारातून बाहेर येणार नाही.”

“दार कोणत्या कंपनीचं आहे, सर?”

“सुतारानं केलंय.”

“त्याला अपडेट येत नाहीत?”

“नाही.”

“मग तुम्ही सुताराशी बोला, सर. आमच्या बाजूनं सगळं ओके दिसतंय.”

निकुंभांना हे उत्तर आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच अशी वस्तू घेतली होती जिच्यात खोट नव्हती. खोट घरात होती.

त्यानंतर घर तिच्यात जायला लागलं. हॉल आणि बेडरूममधली भिंत आधी कोमट झाली, मग मऊ. निकुंभांनी हात लावला तर सीटचं कव्हर, दुहेरी शिलाईचं. कपड्यांचं कपाट उघडलं की डिकी उघडायची. फोडणीचा वास एसीतून यायचा. देवघरातले देव आपणहून पुढे सरकले आणि डॅशबोर्डवर ओळीने बसले. तिथे ते शोभूनही दिसत होते. उज्ज्वलाबाई पुढच्या डाव्या सीटवर बसून मेथी निवडत आणि देठं काच खाली करून टाकत.

एका दुपारी त्यांनी मेथी बाजूला ठेवली आणि सीटखालून बॅग काढली.

“ऐका. दसऱ्याला ताई आणि जयंतराव येतायत. त्या दिवशी ही इथून हलली तर हलली. नाहीतर मी ताईबरोबर पुण्याला जाते. मी लग्न करून घरात आले होते, गाडीत नाही.”

“आपलीच गाडी आहे ना ही?”

“घरही आपलंच होतं.”

एवढी रुंद सीट, पुढे मोठी काच, आणि शेजारी कुणी नाही, हे चित्र निकुंभांना बघवेना. त्यांनी काच पुसायला घेतली.

संध्याकाळी जयंतरावांचा फोन आला. जयंतराव त्यांचे साडू. पुण्यात त्यांची मोठी डिझेल गाडी होती आणि तिच्याबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलत.

“विद्याधरराव, गाडी घेतलीत म्हणे. पण हॉलमध्येच असते. आमच्या डिझेलच्या नशिबी एवढा आराम नाही हो.”

“तिला खरी गरज आहे, जयंतराव. किती खोकते.”

दसऱ्याला जयंतराव आणि ताई वेळेवर आले. जयंतरावांनी डिझेल गाडी मुद्दाम बिल्डिंगच्या फाटकासमोर, सगळ्यांना दिसेल अशी लावली. वर येऊन बेल दाबली तर हॉर्न वाजला. दार उघडून ते सरळ मागच्या सीटवर आले. जयंतरावांनी वर बघितलं, पाय लांब केले, पुन्हा आखडले, पुन्हा लांब केले.

“जागा बरी आहे,” ते म्हणाले.

निकुंभांनी हे वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं.

उज्ज्वलाबाई नऊवारी नेसून, नथ घालून पुढे बसल्या होत्या. मांडीवर भरलेली बॅग होती. बाल्कनीच्या कठड्यावर, म्हणजे बॉनेटवर, त्यांनी वाकून कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचं तोरण बांधलं आणि लिंबं हातात घेतली.

“चाकं कुठायत हिची?”

ते कुणालाच माहीत नव्हतं. निकुंभ लिंबं घेऊन जिना उतरले. पार्किंगमध्ये ढमढेरे एका खांबाशी उभे होते.

“निकुंभ, हे पिलर काळे कुणी केले? आणि गोल?”

निकुंभांनी खांबाला नख लावून पाहिलं. रबर होतं, चांगल्या प्रतीचं. “हवा बरोबर आहे,” ते म्हणाले आणि चारही कोपऱ्यांत फिरून एकेक लिंबू ठेवून आले.

“मला अकराला लेकीकडे जेवायला जायचंय. कॉलेज रोडला.”

“वाटेतच आहे. तुम्ही घरात जाऊन बसा, सोडतो.”

ढमढेरे मान डोलावून वर गेले. निकुंभ जिना चढत असताना प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती आणि माणसं नवे कपडे घालून खुर्च्यांत बसली होती, पट्टे लावून. कुणी नुसती मान हलवली, कुणी नमस्कार केला. पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढली, पण त्यांच्यासाठी असा जिना कधी उघडला नव्हता. शेवटच्या पायऱ्या ते सावकाश चढले.

“मुहूर्त झालाय,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

“बॅग डिकीत टाकू?”

“आधी हलू दे.”

निकुंभांनी डॅशबोर्डवरच्या देवांना हात जोडले आणि बटण दाबलं. पडदा तेवढा थरथरला.

“चालू झाली?” जयंतरावांनी मागून विचारलं.

“झाली.”

“आवाज नाही काही.”

“नसतोच तिला.”

रस्त्यापलीकडच्या गच्चीवर एक माणूस धोतर वाळत घालत होता. त्याने धोतर दोरीवरून पुन्हा काढलं, खांद्यावर घेतलं आणि बाजूला झाला.

“विद्याधरराव,” जयंतराव म्हणाले, “माझी गाडी समोर उभी आहे.”

“दिसतेय.”

निकुंभांनी पाय हलकेच टेकवला. उज्ज्वलाबाईंनी बॅगेचा पट्टा मनगटावरून काढला, पण हातातून सोडला नाही. खाली, पार खाली, पहिलं लिंबू फुटलं.